म्होरकीच्या मागं

मेंढरांच्या कळपात दोन-चार शेळ्या कशाला ठेवतात, असं शहरातली माणसं मला विचारतात. मी धनगराचा मुलगा. पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा यात विचारण्यासारखं काय आहे तेच मला कळेना. मेंढरू आपणहून नव्या जागी पाय टाकत नाही. ओढा आला की थांबतं, फाटक आलं की थांबतं, डांबरावर झाडाची सावली आडवी पडली तरी खड्डा समजून थांबतं. मग पुढं शेळी जाते. ती गेली की एक मेंढरू जातं, आणि एक गेलं की सगळी जातात. या पुढं चालणाऱ्या शेळीला आमच्याकडं म्होरकी म्हणतात. एखादी मेंढी विताना मेली तर तिचं कोकरूही शेळीच्याच दुधावर जगवतात. ‘शेळीबिगर मेंढरं म्हंजी मास्तराबिगर शाळा,’ असं आबा म्हणतात. आबा म्हणजे माझे वडील. ते स्वतः शाळेत किती दिवस गेले, हे विचारायची सोय नाही.

कळपाच्या पुढं आबा आणि म्होरकी, मधे मेंढरं आणि सगळ्यात मागं मी. लहानपणी सुट्टीतलं माझं काम एवढंच होतं, मागं रेंगाळणारं कोकरू हाकायचं आणि बाकीच्यांची धूळ खायची. त्या धुळीतून मला आबांची पाठही दिसायची नाही. पण ते थोड्या थोड्या वेळानं मागं वळून ‘हुर्रर्र, चला’ अशी हाळी द्यायचे. ती मेंढरांना असायची तशी मलाही असायची.

पुढं मी आयटीआय केलं, सोलापूरला आलो आणि चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर लागलो. टॉवेल रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला कोळसा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बॉयलरपाशी पाळी काढणं काय असतं, ते ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. कोळशाची भुकटी कानात जायची, रुमालात जायची, डब्यातल्या चटणीत जायची. पण नोकरी पर्मनंट होती, लग्न तिच्यावरच जमलं होतं, पुढं लेक झाली, आणि कुरकुरत का होईना, मी तिथं तारुण्य घालवलं.

मग एका वर्षी शिमग्याच्या आसपास गार पडली. आबा तेव्हा भीमेच्या अंगाला होते. दिवाळी झाली की कळप घेऊन ते दरवर्षी तिकडं जायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, त्यांना खत मिळायचं आणि आम्हाला ज्वारी. दुपारी मी बॉयलरच्या तोंडाशी उभा असताना फोन आला. पोचलो तेव्हा रान पांढरं झालं होतं. वितळत चाललेल्या गारांमध्ये मेंढरं आडवी पडली होती. आबांनी घोंगड्याखाली जेवढी कोकरं मावतील तेवढी घेतली होती. त्यांच्या स्वतःच्या पाठीवर लिंबाएवढ्या गाठी उठल्या होत्या. निम्म्याहून जास्त कळप गेला.

शेळ्यांतली म्होरकी तेवढी बाभळीच्या बुंध्याला चिकटून वाचली. ही तांबडी शेळी आईनं वाढवलेली. आई गेली त्या वर्षी ती करडू होती आणि आई तिला बाटलीनं दूध पाजायची. त्या रात्रीपासून म्होरकीनं आई मेलेली तीन कोकरं आळीपाळीनं पाजली. आबा वर बघून म्हणाले, ‘ह्या दिसांत गार? आमच्या बानं बी असली बगितली न्हाय.’ मग आम्ही दोघांनी खड्डा खणला.

मी काही मोठा विद्वान नाही. हवा का बिघडली, कोणी बिघडवली, यावर मी भाषण करणार नाही. ते करायला पुष्कळ लोक आहेत आणि ते गार खोलीत बसून करतात. पण पाळीवर परत गेलो, कोळसा आत ढकलायला लागलो आणि मला ती कोकरं दिसायला लागली. एका हातानं कोळसा घालायचा आणि दुसऱ्या हातानं मेलेली कोकरं खड्ड्यात टाकायची, हे माझ्याच्यानं होईना. मी नोकरी सोडतो म्हणालो. आमचे मॅनेजर हसले. ‘तू गेलास म्हणून काय बॉयलर विझणार आहे?’ नाही विझला. माझ्या जागी दुसरा उभा राहिला आणि तो माझ्याच गल्लीतला निघाला. अजून मला भेटला की डोळा मारतो.

सात रस्त्याजवळ एका मजल्यावर सोलरच्या एका कंपनीचं ऑफिस होतं. त्यांना मंगळवेढ्याकडच्या माळावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पासाठी देखरेखीला माणूस हवा होता, आणि तिकडचा असेल तर बरं असं होतं. मी तिकडचाच, आमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, ‘अहो, एवढी कायमची नोकरी सोडून उन्हातान्हात जाणार?’ मी म्हणालो, ‘बॉयलरपाशी काय सावली होती?’ ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं टोपी आणून दिली.

आबांना समजावणं त्याहून अवघड होतं.

‘म्हंजी ऊन इकायचं?’ ते म्हणाले.

‘इकायचं न्हाय आबा, उनापास्नं लाइट करायची.’

‘आन् ती इकायची.’

‘व्हय.’

‘मंग तेच की. आमी जलमभर उनात हाय, आमाला कुनी एक दमडी दिली न्हाय.’

मी बायकोनं दिलेली टोपी डोक्यावर चढवली.

पहिलं वर्ष खांब रोवण्यात आणि काचेची पॅनेलं बसवण्यात गेलं. गावातले लोक त्यांना प्लेटा म्हणतात, आता मीही म्हणतो. दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला आणि प्लेटांच्या खाली गवत माजलं. हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गवत उंच झालं की खालच्या रांगेवर सावली पडते आणि वीज कमी होते. वाळलं की वणव्याची भीती. मशीन लावून कापावं तर पात्याला दगड लागून उडतो आणि काच फुटते. आमचा माळ म्हणजे नुसता दगड. पुण्याहून मोठे साहेब आले, कमरेवर हात ठेवून गवताकडं बघत उभे राहिले. मी म्हणालो, ‘साहेब, मेंढरं सोडू या. पेट्रोल नको, दगड उडायचा नाही.’

साहेबांनी फोनवर काहीतरी बघितलं. परदेशात असं करतात म्हणे. परदेशात करतात म्हटल्यावर आमची मेंढरं एकदम हुशार ठरली. साहेब म्हणाले, ‘चालेल, पण फक्त मेंढ्या. शेळी एकही नको. शेळ्या वर चढतात.’ ते खरंच होतं. शेळीला उंच जागा दिसली की तिला राहवत नाही.

मी संध्याकाळी आबांकडं गेलो. गारेनंतर त्यांनी कळप पुन्हा थोडा वाढवला होता, पण चारायला जागा उरली नव्हती. माळावर एकीकडं डाळिंबाच्या बागा, दुसरीकडं आमचंच कुंपण. पावसाचा भरवसा नाही म्हणून भीमेकाठचे शेतकरीही आता मेंढरं बसवायला आधीसारखे बोलावत नव्हते. आबांचे गुडघे गेले होते. जवळच्या जवळ चारा मिळाला तर कळप टिकणार होता, नाहीतर विकायचा होता. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, ‘तुज्या कंपनीत मी कामाला लागायचं म्हन की.’

‘तुमी न्हाय, मेंढरं.’

‘मंग झाक हाय.’

पहिल्या सकाळी फाटकाशी गर्दी झाली. वॉचमन, पॅनेलं धुणाऱ्या बाया, झाडून सगळे बघायला आले. आबांनी साहेबांच्या शब्दाप्रमाणे शेळ्या बाहेर लिंबाला बांधल्या आणि मेंढरं फाटकाकडं वळवली. मेंढरं थांबली. हुर्रर्र करून झालं, काठी आपटून झाली, मी मागून रेटून बघितलं. सगळा कळप तोंड फिरवून लिंबाखाली बांधलेल्या म्होरकीकडं बघत उभा. बाया पदरात हसायला लागल्या. शेवटी आबांनी म्होरकीचं दावं सोडलं, हातात धरलं आणि तिच्यासकट आत शिरले. पाठोपाठ मेंढरं अशी गेली की वॉचमनला बाजूला उडी मारावी लागली. मेंढरं गवताला लागल्यावर आबा म्होरकीला घेऊन गुपचूप बाहेर आले आणि तिला परत लिंबाला बांधलं.

तेव्हापासून रोज असंच चालायचं. सकाळी म्होरकी कळपाला आत नेऊन सोडायची आणि स्वतः बाहेर यायची, संध्याकाळी परत आणायला आत जायची. म्होरकीला हे आवडत नव्हतं. दावं ताणून ती आत बघत राहायची.

ते काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे मला तेव्हाही कळत होतं. सुख गेल्यावर कळतं वगैरे लोक म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं नाही. दुपारी आबा आणि मी प्लेटांच्या सावलीत जेवायला बसायचो. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, म्होरकीचं दूध घातलेला चहा. आजूबाजूला मेंढरं दातांनी गवत तोडत असायची, त्याचा कर्रकर्र आवाज यायचा. वर वीज तयार व्हायची, तिचा आवाज नसतो. जेवल्यावर आबा घोंगडं पसरून तिथंच आडवे व्हायचे. ‘लई गार सावली हाय रं,’ म्हणायचे. लहानपणी ते कायम पुढं असायचे आणि मी मागं. एका जागी बसून आम्ही असे कधी जेवलोच नव्हतो. दसऱ्याला त्यांनी पहिल्या रांगेवर मूठभर भंडारा उधळला. त्या रांगेची वीज घटली म्हणून पुण्याहून विचारणा झाली. मी ओल्या फडक्यानं पिवळ्या काचा पुसत होतो आणि आबा शेजारी उभे राहून सांगत होते, ‘कोपऱ्यात ऱ्हाऊ दे की थोडा.’ मी राहू दिला.

एकदा फाटकातून बाहेर पडताना ते म्हणाले, ‘तुज्या आईला दावायला पायजे हुतं.’ मी तोंड फिरवून कुलूप बघितलं, ते लावलेलंच होतं.

संक्रांतीनंतर एक मेंढी वितानाच मेली. कोकरू म्होरकीच्या अंगाला लावलं. ते तिच्यामागं फिरायचं आणि कळप आत गेला की कळपाबरोबर आत जायचं. एके दुपारी आतल्या एका चरात त्याचा पाय अडकला आणि ते ओरडायला लागलं. म्होरकीनं ऐकलं. त्याच वेळी पॅनेलं धुवायच्या पाण्याचा टँकर आत येत होता, फाटक सताड उघडं होतं. तिनं हिसडा मारून दावं तोडलं आणि टँकरच्या बाजूनं आत घुसली. कोकरू दिसेना, तेव्हा शेळीनं शेळीचं केलं. प्लेटांची खालची कड कमरेएवढी उंच असते. उडी मारून ती वर गेली आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काचांवरून ओरडत चालत सुटली.

भर दुपारी त्या तारांमधून किती वीज वाहत असते ते मला ठाऊक होतं. खुरांखाली काचा तडकत होत्या. खालून आबा दोन्ही हात वर करून तिच्याबरोबर पळत होते, ‘खाली ये गं माजे बाय, खाली ये.’ दुखऱ्या गुडघ्यांनी ते इतके पळू शकतात हे मी त्या दिवशी बघितलं. रांगेच्या शेवटी तिनं उडी मारली ती सरळ चरापाशी. आम्ही कोकराचा पाय सोडवला. ती त्याला चाटायला लागली, ते दूध पिऊ लागलं, आणि आम्ही सगळे दमून हसलो. मीही हसलो.

कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. विम्याची माणसं म्हणतात, आत जनावर असेल तर ते विमा देणार नाहीत. शेळी नको, मेंढीही नको. साहेबांचा आवाज पडलेला होता. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर निदान शिव्या देऊन मोकळा झालो असतो. शेळ्यांना बाहेर वेगळं कुंपण घाला म्हणालो, फाटकाला दुहेरी कडी लावतो म्हणालो, शेवटी राजीनामा देतो असंही ओरडलो. ते म्हणाले, ‘तुझा राग मला समजतो. पण माझ्याही हातात नाही.’

मी लिंबाखाली आलो. आबांनी सगळं ऐकलं होतं.

‘काम सोडू नगंस,’ ते म्हणाले.

‘मंग मेंढरं कुटं न्यायची?’

‘न्यायची न्हाईत आता. पाय ऱ्हायलं न्हाईत माजं.’

‘दुसरीकडं बगतो की मी. आजून प्रकल्प हायती.’

‘तितं बी काचाच असणार. तू काम सोडू नगंस. परत त्या भट्टीवर जाशील. तुला लेक हाय.’

मला रडू आलं. ज्या कळपासाठी मी बॉयलर सोडला, तोच माझ्या फाटकातून परत चालला होता, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं. म्होरकीला शिव्या द्याव्यात तर ती लेकरासाठी धावली होती. माझं काम खोटं आहे असं म्हणावं, तर तेही मला म्हणवत नव्हतं. गारा पुन्हा पडू नयेत असं मला अजून वाटतं. पण त्या दिवशी ते वाटणं माझ्या काही कामाचं नव्हतं.

ऊन तापायच्या आधी व्यापारी आला. रस्त्याच्या कडेला टेम्पो लावून त्यानं मागं फळी टाकली. आबांनी शेळ्यांतली म्होरकी आणि तिचं ते कोकरू एवढंच बाजूला काढलं होतं, बाकी सगळं विकलं होतं. व्यापाऱ्याच्या माणसांनी मेंढरं फळीकडं हाकली. मेंढरं फळीशी आली आणि थांबली. माणसांनी एका मेंढीचे कान धरले, एकीचा पाय धरून ओढायला सुरुवात केली. ती केविलवाणी ओरडली.

‘वडू नगा,’ आबा म्हणाले.

ते लिंबापाशी गेले. त्यांनी म्होरकीचं दावं सोडलं. ते काय करणार आहेत ते माझ्या लक्षात आलं आणि मला वाटलं, त्यांचा हात धरावा. मी जागचा हललो नाही. आबा म्होरकीला घेऊन फळी चढले. तिला नवी जागा म्हटल्यावर काही वाटत नव्हतं, ती टकटक करत वर गेली. तिच्यामागं एक मेंढरू गेलं. मग सगळी गेली, रोज सकाळी फाटकातून जायची तशी, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकवत. कुणी ओरडलं नाही. टेम्पो भरला. मग आबांनी रोजच्यासारखं म्होरकीला गर्दीतून काढलं आणि गुपचूप खाली आणलं. व्यापाऱ्याची माणसं खूश झाली. एकजण म्हणाला, ‘मामा, शेळी लई हुशार हाय की तुमची.’

माणसांनी फळी काढली, मागचा फाळका लावला. आतली मेंढरं जाळीतून बाहेर बघत शांत उभी होती. म्होरकी बाहेर जाते आणि संध्याकाळी परत न्यायला येते, हे त्यांना सवयीनं ठाऊक होतं.

टेम्पो निघाला तेव्हा म्होरकीनं दावं ताणलं आणि ओरडायला लागली. आबांनी दावं मनगटाला गुंडाळून घेतलं. टेम्पो वळणाआड गेला तरी ती थांबेना. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘चला.’

गावाची वाट धरली. पुढं आबा, त्यांच्या हाताला म्होरकी, तिच्या पायाशी कोकरू. मी फाटकाला कुलूप लावून निघालो. त्यांना गाठायला वेळ लागला नसता, पण माझे पाय आपोआप मंद पडले. लहानपणीचं अंतर पायांना ठाऊक होतं. सगळा कळप मावेल एवढी जागा मधे सोडून मी मागून चालत राहिलो. त्या दिवशी धूळ नव्हती, म्हणून मला आबांची पाठ स्पष्ट दिसत होती.

ओढ्यापाशी ते मागं वळले आणि त्यांनी हाळी दिली, ‘हुर्रर्र, चला.’ मग त्यांना मोकळा रस्ता दिसला आणि त्याच्या टोकाला मी.

‘आलो आबा,’ मी म्हणालो.